आधी वाचावे की आधी पाहावे?

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याचांदीच्या पेढ्यांची जुनी रांग आहे. नवा दागिना घेणारे गिऱ्हाईक तेथे येते, तसेच आजीची मोहनमाळ मोडून नातीच्या लग्नासाठी हार घडवून घेणारेही येते. सोने तेच असते. घाट तेवढा बदलतो. आटवताना थोडी घट येते, घडणावळ वेगळी पडते, आणि नवा हार घरी आला की जिने जुनी माळ आयुष्यभर गळ्यात वागवलेली असते ती आजी तो हातात घेऊन क्षणभर गप्प बसते. नव्याचे कौतुक करण्याआधी तिला जुने आठवते. नातीला त्या आठवणीचा भार नसतो. तिच्या लेखी हाच पहिला दागिना.

पुस्तकाचा चित्रपट होतो तेव्हा प्रेक्षागृहातही आजी आणि नात शेजारीशेजारी बसलेल्या असतात. एकाने पुस्तक आधी वाचलेले असते, दुसऱ्याने त्याचे नावही ऐकलेले नसते. पडदा एकच, परंतु दोघांना दिसणारे चित्र एक नसते. मग बाहेर पडताना वाद होतो: आधी वाचावे की आधी पाहावे? हा प्रश्न वरवर फावल्या वेळचा वाटतो. पण मराठी मुलखापासून दूर, हिंदी आणि छत्तीसगढीच्या शेजारात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांपुढे तो जरा वेगळ्या वजनाने उभा राहतो. कारण तेथे पुस्तक मागे पडले तर त्याच्याबरोबर भाषाही मागे पडण्याचा धोका असतो.

रायपूरचा आणि मराठीचा संबंध नवा नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात उतरले, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहू लागले. भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांच्या हाती गेले. तरी पुढे मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूरच राहिली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात नांदली. कारकुनी, वकिली, शिक्षकी आणि वैद्यकी यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा, बूढापारा अशा वस्त्यांत रुजली. नागपूरहून येणाऱ्या आगगाडीने जशी माणसे आणली, तशी मासिके आणि पुस्तकेही आणली.

याच शहरात माधवराव सप्रे यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि १९२६ साली येथेच देह ठेवला. सप्रे मराठी घरातले. त्यांची लेखणी मात्र हिंदीची. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक सुरू केले. रायपूरचे वामनराव लाखे हे त्या कार्यात त्यांचे साथी होते. पुढे सप्र्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. हिंदी प्रांतातील असंख्य वाचकांना रामदास आणि टिळक प्रथम भेटले ते सप्र्यांच्या शब्दांतून. त्यांनी मूळ ग्रंथ आधी वाचला नव्हता, वाचणे शक्यही नव्हते. म्हणून त्यांना मिळाले ते खोटे होते काय? तसे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांना जे मिळाले ते सप्र्यांनी वाचलेले रामदास होते, सप्र्यांनी वाचलेले टिळक होते. भाषांतरकार हा प्रथम वाचक असतो. त्याच्या वाचनाचा ठसा त्याच्या कृतीवर उमटल्यावाचून राहत नाही. चित्रपटाच्या प्रश्नाची किल्ली याच साध्या गोष्टीत आहे.

जुन्या काळी हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता. रामकथा वाचून मग रामलीला पाहायला गेलेला माणूस विरळा. कीर्तनात, भजनात, दशावतारात आणि ओवीत कथा आधी कानावर पडे. पोथी हाती येई ती पुष्कळ नंतर, आणि अनेकांच्या हाती ती कधीच येत नसे. रायपूरच्या दूधाधारी मठातील भिंतींवर रामकथेची चित्रे आहेत. त्या चित्रांपुढे हात जोडणाऱ्या माणसाला पुढच्या चौकटीत काय आहे हे आधीच ठाऊक असते. त्याला जाणून घ्यायचे नसते, पुन्हा भेटायचे असते. ज्या कथेत गुपितच नाही तिचे गुपित फुटेल कसे?

म्हणून ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा कोणी विचारले नाही की हरिश्चंद्राची कथा आधी वाचावी की काय. ती सर्वांना तोंडपाठ होती. मूक चित्रपटाला शब्दांवाचून चालले, त्याचे एक कारण हेच की शब्द प्रेक्षकांच्या मनात आधीपासूनच होते.

प्रश्न जन्माला आला तो कादंबरीबरोबर. कादंबरीची कथा नवी असते, एका लेखकाने रचलेली असते, आणि शेवटच्या पानापर्यंत तिने काहीतरी राखून ठेवलेले असते. त्यातही संक्रमणाचा एक टप्पा आहे. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला. त्याच्या मुळाशी हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी होती. कादंबरी खरी, परंतु तानाजीचा शेवट कोणापासून लपलेला होता? ग्रंथाच्या नावातच तो सांगून टाकला होता. वाचकाने आणि प्रेक्षकाने तेथे कथेसाठी जाण्याचे कारण नव्हते. जायचे ते तानाजी कसा उभा केला आहे हे पाहण्यासाठी.

खरी अडचण पुढे आली १९३७ साली, आणि योगायोग असा की तीही एका आपट्यांमुळेच. मात्र हे आपटे नारायण हरि. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीने ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, पटकथा स्वतः आपट्यांची. वृद्ध वराच्या गळ्यात बांधली गेलेली आणि तो विवाह मनोमन नाकारणारी नीरा ही तिची नायिका. तिचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला पुराणातून ठाऊक नव्हते, इतिहासातूनही नव्हते. कादंबरी वाचलेल्या माणसाच्या आणि न वाचलेल्या माणसाच्या मध्ये येथे प्रथम खरी भिंत उभी राहिली.

‘कुंकू’ने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. त्या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले आहेत, आणि काकासाहेबांच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ जणू एक पात्रच होऊन बसले आहे. म्हाताऱ्या नवऱ्याचा सरत चाललेला काळ त्या घड्याळात दिसतो आणि ऐकू येतो. कादंबरीकाराला हेच सांगायला शब्द खर्चावे लागतात, आणि ते खर्चूनही टिकटिक वाचकाच्या कानी पडेलच असे नाही. तेव्हा सोने आटवताना नुसती घट येते असे नाही. कुशल हाती एखादा खडाही नव्याने जडवला जातो. पण तो नवा जडवलेला आहे हे ओळखणार कोण? ज्याने जुना दागिना पाहिला आहे तोच. कादंबरी वाचलेल्या प्रेक्षकाला शांतारामांचे कर्तृत्व अधिक कळते, कमी नव्हे. आधी वाचल्याने चित्रपटाची गोडी जाते असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घेतली पाहिजे.

प्रभातने हाच चित्रपट हिंदीत ‘दुनिया ना माने’ या नावाने काढला, आणि हिंदी प्रांतांत तो त्याच नावाने ओळखला गेला. रायपूरसारख्या शहरातील मराठी घराच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. एकच कथा आता दोन दारांनी घरात येऊ शकत होती: एक दार मराठी कादंबरीचे, दुसरे हिंदी चित्रपटाचे. दुसरे दार रुंद होते, त्याला वाचनाचे श्रम नव्हते. एका भाषेतील कादंबरी त्याच भाषेतील चित्रपटाने झाकली तर केवळ वाचन बुडते. दुसऱ्या भाषेतील चित्रपटाने झाकली तर ती मुळात कोणत्या भाषेत लिहिली गेली, हेही विसरले जाते.

या साऱ्याच्या उलट उदाहरण ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. बेचाळीस रात्रींत श्याम आपल्या आईच्या आठवणी मित्रांना सांगतो, अशी त्याची रचना. म्हणजे पुस्तकातही कथा आधी ऐकली जाते. घरोघरी ते मोठ्याने वाचले गेले, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाने श्यामच्या आईला आपापल्या आईचा चेहरा दिला. १९५० साली गुरुजी गेले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावरून चित्रपट काढला, तेव्हा प्रेक्षागृहात शिरणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ती आई आधीपासून नांदत होती.

आता पडद्यावर त्या आईला एकच चेहरा मिळाला, वनमालाबाईंचा. वनमालाबाई ग्वाल्हेरकडच्या, म्हणजे त्याही महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या. त्यांनी ती भूमिका अशी केली की पुढच्या कित्येक पिढ्यांना श्यामची आई म्हटले की त्याच आठवू लागल्या. हा अभिनयाचा विजय खरा. पण त्याची किंमतही मोजली गेली. चित्रपटानंतर पुस्तक उघडणाऱ्या मुलाला आपल्या आईचा चेहरा श्यामच्या आईला देण्याची मोकळीक उरली नाही. तो चेहरा अगोदरच दिलेला होता. शिवाय बेचाळीस रात्री दोन-अडीच तासांत मावत नाहीत. अत्र्यांना निवड करावी लागली, आणि निवड म्हणजे काही रात्रींवर पडदा टाकणे. त्या रात्री पुस्तक वाचणाऱ्यासाठी शिल्लक राहिल्या; न वाचणाऱ्यासाठी त्या कधी झाल्याच नाहीत.

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा आरंभ झाला, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’लाच मिळाले. देशभरातील अमराठी प्रेक्षकांना श्यामची आई भेटली ती या मार्गाने, पुस्तकाच्या आधी. ‘आधी वाचा’ असा दंडक घातला असता तर ती माणसे या भेटीला मुकली असती. २०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट काढला. तेव्हा अत्र्यांचा चित्रपट लहानपणी पाहिलेल्यांची नातवंडे प्रेक्षागृहात होती. त्यांच्यासाठी मूळ कोणते, हा प्रश्न आणखी एका घडीने गुंतागुंतीचा झाला. एकाच पुस्तकावरून सत्तर वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट निघतात, ते परस्परांहून निराळे होतात, आणि पुस्तक मात्र तेच राहते. याचा अर्थ काय? चित्रपट म्हणजे पुस्तक नव्हे. चित्रपट म्हणजे कोणीतरी एकाने, त्याच्या काळात, त्याच्या दृष्टीने वाचलेले पुस्तक.

हा अर्थ रायपूरच्या आसपासच अधिक स्पष्ट होतो. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या ‘सद्गति’ या कथेवरून दूरदर्शनसाठी चित्रपट केला आणि त्यासाठी छत्तीसगडातील खेड्यांची पार्श्वभूमी निवडली. त्यात ओम पुरींबरोबर स्मिता पाटील आणि मोहन आगाशे हे मराठी कलावंत होते. प्रेमचंदांची कथा अवघ्या काही पानांची. शांतपणे वाचली तरी ती चित्रपटापेक्षा लवकर संपते. म्हणजे येथे उलटा हिशेब आहे. कादंबरीचा चित्रपट करताना कापावे लागते. लघुकथेचा करताना भरावे लागते. प्रेमचंद ज्या लाकडाच्या ओंडक्याबद्दल थोडक्यात लिहितात, त्यावर पडणारा कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव रायांच्या चित्रपटात प्रेक्षकाला सोसावा लागतो. कथा आधी वाचणाऱ्याला शेवट कळतो, परंतु त्या शेवटाकडे जाण्याची यातना त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. जे केवळ शेवट कळल्याने मरते, ते साहित्य फार काळ जगणारे नव्हतेच.

राय यांची स्वतःची हकिकतही येथे आठवते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते पुस्तकांची मुखपृष्ठे आणि चित्रे काढीत. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीला चित्रे त्यांचीच होती, आणि ती काढतानाच त्या कादंबरीवर चित्रपट करावा हे त्यांच्या मनाने घेतले. १९५५ साली तो चित्रपट आला आणि जगभर गेला. जगाने चित्रपट आधी पाहिला. पण तो निर्माण करणाऱ्याने पुस्तक आधी वाचले होते. कोणताही चांगला रूपांतरित चित्रपट म्हणजे कोणीतरी आधी वाचले होते याची साक्षच होय.

रायपूर आणि राजनांदगाव यांच्या वाट्याला अशी साक्ष आणखी दोनदा आली. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. १९५८ पासून मुक्तिबोध राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते, आणि १९६४ साली त्यांचे निधन झाले. मणि कौल यांनी १९८० साली मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. मग १९९९ साली त्याच मणि कौल यांनी ‘नौकर की कमीज़’ पडद्यावर आणली. ही १९७९ ची कादंबरी विनोदकुमार शुक्ल यांची. शुक्ल राजनांदगावचे, पुढे रायपूरचे झाले, आणि २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. आदर्श नोकरासाठी साहेबाने शिवून ठेवलेला एक सदरा, आणि तो ज्याच्या अंगाला बसेल त्याच्या नशिबी येणारी चाकरी, एवढ्यावर ती कादंबरी उभी आहे. तिचा जीव घटनांत नाही, वाक्यांत आहे. साधे वाटणारे वाक्य शेवटी अशा ठिकाणी जाऊन थांबते की वाचणारा मागे वळून पुन्हा वाचतो. चित्रपटात मागे वळता येत नाही. दृश्य आपल्या गतीने पुढे सरकते. म्हणून अशा कृतींच्या बाबतीत आधी वाचणे हे चित्रपटाच्याच हिताचे ठरते. ज्याच्या कानात ती वाक्ये आधीपासून आहेत, त्याला कौलांच्या संथ दृश्यांत ती पुन्हा ऐकू येतात. ज्याच्या कानात ती नाहीत, तो कंटाळून उठण्याचा संभव असतो.

तेव्हा एकच नियम सर्व पुस्तकांना लागू होत नाही. जेथे कथा सर्वांच्या माहितीची आहे तेथे क्रमाला महत्त्व नाही. जेथे कथेचा सारा भर रहस्यावर आहे तेथे एकाचा आनंद दुसऱ्याने थोडा हिरावला जाणारच. परंतु जेथे पुस्तकाचा प्राण भाषेत आहे, आणि मोठ्या पुस्तकांचा प्राण बहुधा तेथेच असतो, तेथे आधी वाचावे. कारण स्वतः वाचले नाही तर दुसऱ्याचे वाचन हेच आपले वाचन होऊन बसते, आणि माणसाला ते कळतही नाही.

रायपूरच्या मराठी घरांना यात आणखी एक पदर जोडावा लागतो. १९५६ नंतर नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. २००० साली छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळांत शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि मराठी पुस्तक हाती दिले की पहिल्या पानावर अडखळतात. त्यांना ‘आधी वाच, मग पाहा’ असे बजावले तर दोन्ही न होण्याची भीती अधिक. अशा मुलाला चित्रपट आधी पाहू द्यावा. कथा ओळखीची झाली की अनोळखी शब्दांची भीती मोडते. लिपी तर तीच देवनागरी. हिंदीतून येणाऱ्या मुलाला नवे असे अक्षर एक ‘ळ’ तेवढे. बाळ, कोकण आणि ओटी या शब्दांना आईचा पदर धरून जाता येते, तसे चित्रपटाचा पदर धरूनही जाता येईल. मात्र चित्रपट हे दार आहे, घर नव्हे, हे मोठ्यांनी विसरू नये. दाराशी आणून मुलाला तेथूनच परत फिरवणे हा सर्वांत मोठा तोटा होय.

सदर बाजारातला सराफ सोने पारखतो तेव्हा कसोटीच्या दगडावर नुसती नव्या सोन्याची रेघ ओढून थांबत नाही. ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ तो शेजारी ओढतो, आणि मग दोन्ही रेघा उजेडात धरून बोलतो. आधी वाचणाऱ्याच्या मनावर पहिली रेघ उमटलेली असते. म्हणून त्याच्या मताला वजन असते. ज्याने आधी पाहिले, त्याने दुसरी रेघ मागाहून ओढावी. क्रम चुकला तरी बिघडत नाही. रेघा मात्र दोन्ही हव्यात.